कंसात

महापे, रात्रीचे पावणेतीन.
एमआयडीसीचा तो गोडसर कुजका वास
एसीतूनही आत येतो.
माझ्या कानांत पेनसिल्व्हेनियातलं एक मैदान आहे,
तिथे अजून ऊन आहे.

आमचं काम एवढंच : टीव्हीवर जे बोललं जातं
ते दीड सेकंदात पडद्याच्या तळाशी उमटवायचं.
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी,
आणि बारमध्ये आवाज बंद करून बघणाऱ्यांसाठी.
शब्द दुरुस्त करायचे नाहीत. शिवी असली तर शिवी.
जे शब्द नाहीत ते कंसात :
[टाळ्या]
[जमाव हुर्यो करतो]
[नीट ऐकू येत नाही]

एकच सभा दोन चॅनेलांवर असते.
डाव्या मॉनिटरवर मैदान फुलून गेलेलं,
उजव्यावर कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून
इतका सावकाश फिरतो, जणू हरवलेली चप्पल शोधतोय.
इकडे ज्यांना कष्टकरी म्हणतात
तिकडे त्यांचंच टोळकं होतं. उद्या उलट.

उमेदवार बाई हसली तर काय लिहायचं?
मॅन्युअलमध्ये होतं 'हसते'.
मी एका रात्री 'खिदळते' लिहिलं.
कुणी सांगितलं नव्हतं. चॅनेलवर दिवसभर तोच शब्द चालला होता,
बोटांना लागला, बोंबील साफ केल्यावर वास लागतो तसा.
चूक लक्षात येईपर्यंत
दोन समुद्रांपलीकडे तो वाचून झाला होता.

शेजारच्या खुर्चीत अल्ताफ मुकादम.
मूळचा श्रीवर्धनचा, सध्या मुंब्र्यात,
शिळफाट्यावर रोज तास-दीड तास अडकणारा.
टायपिंगमध्ये अख्ख्या फ्लोअरवर पहिला.
व्यासपीठावरचा माणूस त्यांच्याबद्दल बोलत होता,
त्यांच्या म्हणजे अल्ताफच्या.
मोजा, अडवा, हाकला.
मैदान एकेका क्रियापदाला उसळत होतं.
अल्ताफची बोटं अडखळली नाहीत.
स्वल्पविराम जिथल्या तिथे.
[जयघोष], त्याने लिहिलं. [जयघोष सुरूच].
अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक दोन.
मग हेडफोन काढून म्हणाला, चहा?

मशीनपाशी मी खूप बोलले.
काय माणसं आहेत, म्हटलं, आणि काय त्यांचे कॅमेरे!
तो कागदी कपात फुंकर घालत राहिला.
म्हणाला, निदान माईकवर बोलतात.

घणसोलीला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर
एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता.
ऑफिसपासून रिक्षाने बारा मिनिटं.
मालकाचा नंबर अल्ताफला मीच दिला होता, फेब्रुवारीत.
फेब्रुवारीतच मीटिंग झाली, गच्चीवर, टाकीच्या सावलीत.
पार्किंग, लिफ्टची देखभाल, मग 'भाडेकरूबाबत'.
सबनीस म्हणाले, माणूस चांगलाच असेल हो, प्रश्न तो नाही.
मागून कुणी म्हणालं, आज एक येतो.
कुणी मटणाच्या वासाचं काढलं,
रविवार होता, बोलणाऱ्याच्या घरी कुकर नुकताच उतरला होता.
कुणीतरी हसलं.
त्या हसण्याला मॅन्युअलमध्ये शब्द नाही.

इतिवृत्त लिहायला मी, अक्षर चांगलं म्हणून.
ऐकलेलं दीड सेकंदात उतरवणारी मी.
त्या पानाला आठवडा घेतला, आणि लिहिलं :
विषय क्र. ३. चर्चेअंती सर्वानुमते नामंजूर.
सर्वांमध्ये मीही आले.

अल्ताफला सांगितलं, मालकाच्या पुतण्यालाच हवा होता फ्लॅट.
तो 'अच्छा' म्हणाला.
इतक्या पटकन, की जणू वाक्य त्याला आधीच दिसलं होतं
पडद्याच्या तळाशी.

चार वाजत आले. आता ओहायो.
तो खुर्ची ओढतो, माझ्या हेडफोनच्या वायरीला पडलेला पीळ
सवयीने सोडवून देतो.
मैदान भरलेलं आहे किंवा रिकामं आहे.

वही घरी आहे, लाइटबिलांच्या फाइलीखाली.
पान अठ्ठेचाळीस.
समासात दोन बोटं जागा आहे.
मी मोजली आहे.